कापून जोडलेला दांडा

माझे भावोजी जुन्या गाड्या कापतात, एवढी ओळख सांगितली की रिक्षावालाही बरोबर त्यांच्या शेडपाशी आणून सोडायचा. कुणी हे वाक्य कौतुकानं म्हणे, कुणी खाटकाबद्दल बोलावं तसं. भावोजींना दोन्ही चालायचं. "नाव तर माझंच घेतात ना," एवढं बोलून ते पुन्हा पत्र्यावर वाकायचे.

ते माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याला लागून त्यांची पत्र्याची शेड आहे. आत एक खड्डा, दोन जॅक, जाडजूड लाकडी टेबल आणि भिंतीवर ओळीनं टांगलेल्या हातोड्या. शेडला दोन उंच लाकडी दारं आहेत. दुरुस्त होऊन बाहेर पडलेल्या प्रत्येक गाडीची तारीख, नंबर आणि तिच्यात काय केलं ते भावोजी दाराच्या आतल्या बाजूला तैलरंगानं लिहून ठेवत. त्यांच्याकडे वही अशी कधी नव्हतीच. ताई म्हणायची, "माझ्या घरात वाचायला काही नसलं तर मी दार वाचते."

त्यांची स्वतःची गाडी म्हणजे एक प्रकरण होतं. पुढचा भाग साठ वर्षांपूर्वीच्या एका ऐटबाज मोटारीचा, गोल दिव्यांचा, आणि मागचा सरळ मालवाहू टेम्पोचा. सगळे तिला 'नवरा-बायको' म्हणत. पुढचं मागच्याला शोभत नाही, पण वीस वर्षं न भांडता एकत्र चाललंय, असं भावोजी त्याचं समर्थन करत. त्यावर ताई म्हणे, "न भांडता चाललंय, कारण पुढच्याला मागचं दिसत नाही."

त्यांच्याकडे गाडी आणणारे लोकही तसेच. गुडघे न वाकणाऱ्या एका म्हाताऱ्यासाठी त्यांनी त्याच्या जुन्या मोटारीचं दार उलटं उघडणारं करून दिलं होतं. एका फोटोग्राफरला छपरात उभं राहण्याइतकी खिडकी हवी होती, ती दिली. एका बेकरीवाल्यानं वडिलांच्या गाडीच्या मागच्या सीटच्या जागी पावाचे कप्पे मागितले. ते करताना मात्र भावोजी दोन दिवस कुरकुरत होते. सीट चांगली होती म्हणे.

शहरात जुन्या गाड्यांच्या मालकांचं एक मंडळ आहे. त्याचे सचिव तंत्रशाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. गाडी कारखान्यातून जशी निघाली तशीच राहिली पाहिजे, स्क्रूसुद्धा त्याच सालचा पाहिजे, असा त्यांचा आग्रह. त्यामुळे पाठीमागे सगळे त्यांना 'मूळपुरुष' म्हणत. दर रविवारी सकाळी हे मूळपुरुष भावोजींच्या शेडमध्ये येऊन स्टुलावर बसत आणि दोघांची जुंपे. मी बरेचदा ऐकायला असायचो. मूळपुरुष म्हणत, जुनी गाडी हा पुरावा आहे, पुराव्यात खाडाखोड करायची नसते. भावोजी म्हणत, जी गाडी चालत नाही ती गाडी नव्हे, कपाट आहे. उद्या आजोबांना तंग पँट घालाल का, असं एकानं विचारावं. आजोबांना चालवत नसेल तर हातात काठी द्याल की नाही, असं दुसऱ्यानं. मला दोघांचंही पटायचं. चहा झाला की मूळपुरुष उठून जात आणि पुढच्या रविवारी पुन्हा येत. ताईचं मत तिसरंच होतं. एवढ्या जुन्या सांगाड्यावर एवढी मेहनत म्हणजे नाकापेक्षा मोती जड, असं ती म्हणे.

भावोजींचा खरा लौकिक मात्र हाताचा नव्हता, कानाचा होता.

वेल्डिंग केलेला सांधा चांगला की वाईट, हे ते कानानं ठरवत. जोडलेला दांडा थंड झाला की तो दोरीला मोकळा टांगायचा आणि छोट्या हातोडीनं एकच टोला द्यायचा. सांधा एकजीव असेल तर दांडा घंटेसारखा बोलतो आणि मनात चार आकडे मोजून होईपर्यंत त्याचा आवाज टिकतो. आत चीर असेल तर आवाज थप्पकन बसतो. ऐकणाऱ्याला फरक कळावा म्हणून एक चिरलेला तुकडा त्यांनी खिळ्याला टांगून ठेवला होता. त्याला ते 'मुखदुर्बळ' म्हणत. गिऱ्हाइकासमोर हा टोला मारणं हा एक समारंभच असे. सगळे गप्प उभे राहत. भावोजी डोळे मिटून मान कलती करत आणि एकेक बोट उघडत चार बोटं दाखवत. मग म्हणत, "एकजीव." तेवढ्या शब्दावर माणसं बायकामुलांना गाडीत घालून नेत.

गेल्या वर्षी एक दातांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्याकडे आल्या. वय पस्तीसच्या आसपास. लहानपणच्या आजारानं डावा पाय अधू झालेला, त्यात जोर नाही. त्यांच्या वडिलांची एक हिरवी, लांब नाकाची जुनी मोटार होती. वडील गेले, गाडी लेकीला राहिली. आई म्हणे, त्यांनी ठेवली तशी झाकून ठेव. मूळपुरुषही तेच म्हणत, कारण शहरात तशी दुसरी गाडी नव्हती. डॉक्टरीणबाईंना ती चालवायची होती. "बाबांनी मला गाडी दिली, फोटो नाही," असं त्या म्हणाल्या, आणि भावोजी त्या वाक्यावरच विकले गेले.

तीन महिने काम चाललं. पायाचा क्लच काढून हाताच्या दांडीवर आणला. सीट बाहेरच्या बाजूला फिरेल अशी केली. बाईंना डावा पाय लांब करून बसावं लागे, म्हणून स्टिअरिंगचं चाक जवळ आणि खाली घ्यायचं होतं. त्यासाठी स्टिअरिंगचा दांडा कापून, वीतभर तुकडा काढून, पुन्हा जोडायचा होता. मूळपुरुषांना हे कळलं तेव्हा ते पहिल्यांदाच रविवार सोडून आले. गुरुवार होता, दुपारचे चार वाजले होते. टेबलावर कापून काढलेला वीतभर तुकडा पडला होता. तो त्यांनी हातात घेतला.

"हा दांडा एका तुकड्यात घडवलेला होता," ते म्हणाले. "तो कापायला तुमच्याकडे कारण आहे. हक्क नाही."

तुकडा टेबलावर ठेवून मूळपुरुष निघून गेले. नंतर राहिलो आम्ही चौघं. भावोजी, डॉक्टरीणबाई, शेडमधल्या गाड्या रंगवणारे आणि आत्ता कोपऱ्यात नळावर फवारणीचं भांडं धूत बसलेले रंगारी, आणि मी. जोडलेला दांडा दोरीला टांगला होता. भावोजींनी टोला मारला.

थप्प.

मी तो आवाज ऐकला. आधी शंभर वेळा चांगला सांधा ऐकलेला होता. हा दोन आकडेसुद्धा टिकला नाही. भावोजींनी डोळे मिटले, मान कलती केली आणि एकेक करून चार बोटं उघडली. म्हणाले, "एकजीव." डॉक्टरीणबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी आयुष्यात दुसरा सांधा ऐकलेला नव्हता. रंगाऱ्यांच्या नळाचं पाणी चालू होतं.

दोरी कुठे टेकली असेल, असं मी मनाला समजावलं. ज्या माणसानं चाळीस वर्षं लोखंड ऐकलं त्याला मी, कागदांवर सह्या करणारा माणूस, काय सांगणार? दुसऱ्या दिवशी दांडा काळ्या रंगानं रंगून गाडीत बसला. मी विमा कंपनीत मोटार विभागात आहे, रोज चार-सहा अपघातांचे कागद माझ्या टेबलावरून जातात. शुक्रवारी आणि शनिवारी त्या कागदांत 'स्टिअरिंग निकामी' हे दोन शब्द दिसले की माझा हात थांबायचा. तरी मी फोन उचलला नाही.

रविवारी मंडळाच्या गाड्यांची फेरी होती. चौदा जुन्या गाड्या मैदानातून नऊ वाजता निघणार, टेकडी चढून वर पाण्याच्या टाकीपाशी थांबणार, इंजिनं निवली की पलीकडचा उतार उतरून तलावावर जाणार. त्या उताराला अकरा वळणं आहेत आणि सातव्याला कठडा नाही. डॉक्टरीणबाई आईला मागे बसवून जाणार होत्या. मूळपुरुषांनी बरीच खळखळ करून त्यांना पाचवा नंबर दिला होता.

त्या सकाळी साडेआठला ताई माझ्याकडे आली. भावोजी पहाटेच शेडवर गेले होते. तिला राग आला होता. चहा घेता घेता ती सांगू लागली की काल कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या आणि हा माणूस शेजारी पेपर वाचत बसलाय, सगळं जळून कोळसा. मनगटावरचं घड्याळ गजर करत राहतं, शेजारची माणसं भिंत ठोकतात, यांना पत्ता नाही. "बरं, बहिरे म्हणावं तर माझं बोलणं ऐकू येतं. मला वाटलं, मुद्दाम करतात. नवऱ्यांना असतेच ती सवय."

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की दोन वर्षं. बारीक, टिपेचे आवाज तेवढे जात नाहीत कानात. दाराची घंटा नाही, शिट्टी नाही." मग माझ्या तोंडाकडे बघून ती थांबली. "अरे, पांढराफटक का पडलास?"

मी चपला घालतच जिना उतरलो. शेडवर पोचलो तेव्हा नऊला सात मिनिटं होती. भावोजी 'नवरा-बायको'च्या काचा पुसत होते, फेरी बघायला जायचं म्हणून.

"या शालकराव, आज सकाळी सकाळी?"

मी एका दमात विचारलं की गुरुवारचा आवाज त्यांनी ऐकला होता का. ते आधी हसले, मग चिडले. तू तुझ्या ऑफिसात शिक्के मार, लोखंड मला कळतं, असं बरंच काही बोलले. मी म्हटलं, भिंतीकडे तोंड करा. का कोण जाणे, त्यांनी केलं. मी खिळ्यावरचा मुखदुर्बळ दोरीला लावून टोला मारला. मग तो काढून टेबलावरचा एक चांगला दांडा लावला आणि त्यालाही मारला. चांगला दांडा शेडभर घुमला. मी विचारलं, कोणता चांगला?

भावोजींची पाठ माझ्याकडे होती.

"दोन्ही सारखे," ते म्हणाले. मग आणखी हळू, "दोन वर्षं झाली, सगळे सारखेच आहेत."

मग बोटं का मोजायचे, असं मी विचारलं. ते अजून भिंतीकडेच बघत होते. टोला मारला की हातोडी हाताला काहीतरी सांगते असं वाटायचं, म्हणाले. चाळीस वर्षांचा हात आहे, तो चुकणार नाही असं वाटायचं. "आणि सगळे उभे असतात रे, माझ्या तोंडाकडे बघत. बोटं दाखवली नाहीत तर काय सांगू?"

मग वळून त्यांनी मला विचारलं, "गुरुवारी तुला काय ऐकू आलं?"

"थप्प."

"मग बोलला का नाहीस?"

मी हातोडी टेबलावर ठेवली.

आम्ही 'नवरा-बायको'त बसलो. मी डॉक्टरीणबाईंना फोन लावला, तो नुसता वाजत राहिला, त्या उचलत नव्हत्या. गाडी चालवताना उचलतही नसतील. मूळपुरुषांना करून उपयोग नव्हता. फेरीच्या दिवशी ते फोन घरी ठेवत, कारण त्यांच्या गाडीच्या साली तसा फोन नव्हता. मैदानात पोचलो तेव्हा तिथे तेलाचे डाग आणि फुगेवाला एवढंच उरलं होतं. गाड्या गेल्या, वीस मिनिटं झाली, असं तो म्हणाला.

टेकडीच्या चढावर आमची गाडी चाळिसाच्या वर जाईना. भावोजी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून पुढे वाकले होते, जणू ढकलत होते. मला प्रत्येक वळणावर वाटे की इथेच हिरवी गाडी आडवी पडलेली दिसेल. चढाला स्टिअरिंगवर तेवढा ताण येत नाही, असं भावोजी एकदा मला म्हणाले, पुन्हा थोड्या वेळानं म्हणाले, पुन्हा म्हणाले. मला नव्हे, ते स्वतःला सांगत होते. त्यांच्या कपाळावरचा घाम भुवईतून डोळ्यात उतरत होता आणि ते पुसत नव्हते.

टाकीपाशी आलो तर फेरी सुटायला लागली होती. मूळपुरुष हातात झेंडा घेऊन रस्त्याच्या कडेला उभे होते आणि दोन-दोन मिनिटांनी एकेक गाडी उताराला सोडत होते. तीन गेल्या होत्या. चौथी आमच्या डोळ्यांदेखत गेली. हिरवी गाडी पुढे सरकून रेषेवर उभी राहिली. डॉक्टरीणबाईंचा हात क्लचच्या दांडीवर होता. मागच्या काचेतून त्यांच्या आईचा पांढरा अंबाडा दिसत होता.

भावोजींनी ओळीच्या बाजूनं गाडी काढली आणि हिरव्या गाडीच्या नाकासमोर रस्त्यात आडवी घातली. मागून भोंगे वाजू लागले. "आता रस्त्यावरही कापायला आलात का?" असं कुणीतरी ओरडलं आणि चार जण हसले. भावोजी उतरले. बोनेटला धरून ते डॉक्टरीणबाईंच्या खिडकीशी गेले.

"बाई, इंजिन बंद करा. खाली उतरा. आईंनाही उतरवा."

"काका, थट्टा करताय का?"

"मला ऐकू येत नाही," भावोजी म्हणाले. बोलले मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "गुरुवारी मी तुमच्यासमोर चार बोटं दाखवली. मला काहीच ऐकू आलेलं नव्हतं."

भोंगे थांबले. डॉक्टरीणबाईंचा हात दांडीवरून हळूच उचलला गेला, गरम भांड्यावरून उचलावा तसा. मागच्या सीटवरून आई म्हणाल्या, "मी सांगितलं होतं." पण त्यांचा आवाज इतका बारीक होता की तो भावोजींपर्यंत पोचला नसावा.

मूळपुरुष झेंडा गुंडाळत जवळ आले. मला वाटलं, आता हा माणूस बोलणार. तो त्याचा दिवस होता. त्यांनी खिशातून गाड्यांच्या टायरांवर नंबर घालायचा खडू काढला आणि विचारलं, कुणाकडे रॉकेल आहे का. एकाच्या डिकीत बाटली निघाली.

तंत्रशाळेत शिकवतात ती साधी पद्धत. चाकूनं सांध्यावरचा रंग खरवडायचा. रॉकेलचा बोळा त्यावर दाबून ठेवायचा, दहा मिनिटं. चीर असेल तर रॉकेल आत शिरतं. मग कोरड्या फडक्यानं स्वच्छ पुसायचं आणि खडू फासायचा. आत काही नसेल तर खडू पांढराच राहतो.

ती दहा मिनिटं मी घड्याळावर मोजली. भावोजी गाडीखाली उताणे पडले होते, बोळा धरून. मूळपुरुष गुडघे टेकून दिवा धरत होते. डॉक्टरीणबाई काठीवर भार देऊन उभ्या होत्या आणि उताराकडे बघत होत्या. चौथी गाडी खाली सातव्या वळणावर काडेपेटीएवढी दिसत होती. निवणाऱ्या इंजिनांची टिकटिक तेवढी चालू होती आणि मला उगाच वाटलं, हीसुद्धा त्यांना ऐकू येत नसेल.

बोळा काढला, पुसलं, खडू फासला. आधी काहीच दिसेना. मी श्वास सोडला. मग खडूवर एक काळपट केस उमटला. बघता बघता तो लांबत गेला आणि दांड्याला अर्धा वळसा घालून थांबला.

मूळपुरुषांनी दिवा बाजूला ठेवला. "मी म्हणत होतो" असं ते म्हणाले नाहीत. फक्त विचारलं, "अशा आणखी किती?"

भावोजी गाडीखालून बाहेर येत होते. तिथेच, अर्धे आत अर्धे बाहेर, ते थांबले. सकाळपासून त्यांच्या डोक्यात ही एकच गाडी होती, माझ्याही. त्यांच्या चेहऱ्यावर मी त्या क्षणी जे बघितलं ते चढावरच्या भीतीहून वेगळं होतं. चढावर निदान कुठे जायचं ते माहीत होतं.

दुपारी आम्ही शेडची दारं लावून आतून दिव्याच्या उजेडात वाचली. दोन वर्षांतल्या, इतर कामाबरोबर स्टिअरिंगला किंवा ब्रेकलाही सांधा मारलेल्या गाड्या मी कागदावर उतरवल्या. हिरवी सोडून सतरा भरल्या. भावोजी शेजारी उभे राहून प्रत्येक नंबराबरोबर माणूस आठवत होते. हा उलट्या दाराचा म्हातारा. हा बेकरीवाला, पहाटे चारला निघतो. ही शिक्षिका, तिच्या गाडीत पाच मुलं बसतात. नवव्या-दहाव्या नंबराला ते मटकन स्टुलावर बसले. दार वाचायला ताईला बोलावून घ्यावं लागलं, कारण माझेही डोळे भरून आले होते. तिनं उरलेलं सगळं वाचलं.

पुढचे पाच आठवडे रोज संध्याकाळी आणि सगळे रविवार आम्ही दारोदार फिरलो. भावोजी, मी, रॉकेलची बाटली आणि खडू. दार उघडलं की भावोजी पहिलं वाक्य तेच म्हणत, मला ऐकू येत नाही, तुमच्या गाडीचा सांधा मी न ऐकताच पास केला. आडपडदा नाही. काहींनी शिव्या दिल्या. एकानं गाडीला हातच लावू दिला नाही, तेव्हा भावोजी त्याच्या फाटकाबाहेर तीन तास उभे राहिले. फोटोग्राफर हसत सुटला आणि म्हणाला, काका, तुम्हाला नाही तर नाही, गाडीला ऐकू येतं ना? खडू फासून झाल्यावर तो हसायचा थांबला. त्याच्या ब्रेकच्या दांडीवर नखाएवढी रेघ होती. दुसरी रेघ निघाली शिक्षिकेच्या गाडीत. ती म्हणाली, आज सकाळीच मुलांना सोडून आले. एवढंच म्हणाली आणि पायरीवर बसली. त्या संध्याकाळी भावोजी घरी जेवले नाहीत आणि दुसऱ्या दिवशीही नाहीत.

दरम्यान डॉक्टरीणबाईंच्या गाडीचा दांडा मूळपुरुषांच्या एका जुन्या विद्यार्थ्यानं लेथवर नवा करून दिला, हव्या त्या लांबीचा, पण एका तुकड्यात. हाताचा क्लच बाईंनी काढू दिला नाही. मूळपुरुषांना ती गाडी अजूनही खाडाखोडच वाटते, प्रदर्शनात ते तिला शेवटच्या ओळीत उभी करतात. रविवारी ते शेडमध्ये येतात. भावोजी आता वेल्डिंग करत नाहीत, पत्रा तेवढा ठोकतात. वादही होतो, पण पूर्वीसारखा रंगत नाही.

सोळा गाड्या तपासून झाल्या. सतरावी दोनदा विकली गेली होती. पहिल्या मालकानं दुसऱ्याचा पत्ता दिला, दुसऱ्यानं सांगितलं की हायवेवर, तीन तासांवर, एका रसवाल्याला दिली. फोन नंबर नव्हता. त्या आठवड्यात भावोजी रोज सकाळी माझ्या ऑफिसात येऊन बसू लागले. नवीन अपघातांच्या कागदांचा गठ्ठा आला की तो मी बाजूला ठेवेपर्यंत माझ्या हातांकडे बघत राहत.

रविवारी गेलो. हायवेच्या कडेला रसाचं दुकान होतं आणि त्याच्यासमोर ती गाडी होती. तिची चाकं काढून तिला विटांवर ठेवलं होतं. छप्पर कापून टाकलं होतं, बोनेटवर फळी ठोकून ग्लास मांडले होते, आणि पुढच्या सीटवर दोन लहान मुली बसून स्टिअरिंग गरागरा फिरवत होत्या. रसवाल्यानं मोठ्या अभिमानानं दाखवलं, हे सगळं मीच केलंय म्हणाला, लोक फोटो काढतात. मूळपुरुष असते तर तिथेच खाली बसले असते. मी मात्र मोठ्यानं हसलो, सहा आठवड्यांत पहिल्यांदा. ही गाडी आता कुठेही जाणार नव्हती.

भावोजी हसले नाहीत. त्यांनी मुलींना उतरायला सांगितलं, बाटली काढली आणि गाडीखाली शिरले. भावोजी, अहो चाकंच नाहीत तिला, असं मी दोनदा म्हटलं. त्यांनी रंग खरवडला. दहा मिनिटं बोळा धरला. पुसलं, खडू फासला. मी वाकून बघितलं. खडू पांढराशुभ्र होता, कुठे काही नव्हतं.

"नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

त्यांनी खडू पुसला आणि पुन्हा रॉकेल लावलं. पुन्हा दहा मिनिटं. रसवाला आमच्याकडे संशयानं बघू लागला होता. पुन्हा खडू पांढराच राहिला. भावोजी दांड्याला नाक लागेल इतके जवळ गेले, मग माझ्यासाठी बाजूला सरकले आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"तू बघ," ते म्हणाले. "नीट बघ. माझ्या डोळ्यांवर जाऊ नको."